तोच माणूस लाईनवर आहे का?

एक्सचेंजच्या दारात पाय ठेवला आणि आधी नाकानेच तक्रार केली. इथला वास कुणीतरी उचलून नेला होता.

आमच्या वेळी शहाद्याचं टेलिफोन एक्सचेंज डोळे मिटूनही सापडलं असतं. बॅटरीच्या खोलीतून येणारा आंबट, जिभेच्या शेंड्याला झोंबणारा ॲसिडचा वास. दिवसभर कानाशी धरून तापलेल्या काळ्या रिसीव्हरांचा वास. बोर्डावर ज्या दोऱ्या खुपसून आम्ही एकाची लाईन दुसऱ्याला जोडायचो, त्या दोऱ्यांच्या कापडी वेष्टणाला लागलेला घामेजल्या बोटांचा वास. आणि या सगळ्यांवर स्वार होऊन बसलेला रमीलाच्या डोक्यावरच्या तेलाचा वास, जो तिचा हेडफोन मी चुकून घातला की माझ्याबरोबर घरापर्यंत यायचा.

आता आत फक्त गारवा होता. गारव्याला कसला आलाय वास. आम्ही बायका जिथे कोंबून बसायचो त्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट उभं होतं, त्यात हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि कपाटासमोर खुर्चीवर गिरासेभाऊ नावाचे गृहस्थ डबा उघडून बसले होते. एवढ्या इमारतीत एक माणूस आणि एक कपाट. बाकी खोल्यांना कुलपं.

"बोला आजी. बिलना काय प्रॉब्लेम शे?"

"बिलना नही. मन्ही रिंगना शे."

"रिंग येत नही का?"

"येस. रोज येस. तेच ते दुखणं शे."

गिरासेभाऊंनी डब्याचं झाकण लावलं. म्हातारीला बसायला खुर्ची द्यावी लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. रमीला माझी मैत्रीण. आम्ही दोघी याच हॉलमध्ये ऑपरेटर होतो, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. पुढे तिची बदली अक्कलकुव्याच्या एक्सचेंजला झाली आणि मी इथेच राहिले. तेव्हा रोज सकाळी पहिलं काम म्हणजे दोन गावांमधली लाईन शाबूत आहे का ते बघणं. रात्रीतून वारा सुटलेला असायचा, प्रकाशा गावाजवळ तापीच्या काठावर एखादा खांब आडवा झालेला असायचा, तार कापून नेणारे तर बारमाही. म्हणून ती तिकडून एक रिंग द्यायची, मी इकडून एक रिंग परत द्यायचे. लाईन जिवंत. मग दिवस सुरू. नावाने आम्ही एकमेकींना कधी हाक मारलीच नाही. ती मला शहादा म्हणायची, मी तिला अक्कलकुवा. ती सासरी खापरला राहून अक्कलकुव्याला कामाला जायची, पण खापर म्हटलेलं तिला चालायचं नाही. म्हणायची, मी एक्सचेंज आहे, बाजारगाव नाही.

दोघी निवृत्त झालो, घरी फोन आले, तरी सवय राहिली. सकाळी तिची एक रिंग, माझी एक रिंग. उचलायचं नाही. अर्थ एवढाच की मी उठले, तू उठलीस का. पैसे लागत नाहीत, शब्द लागत नाहीत. बाकी गप्पा दुपारी. माझे यजमान गेले त्या दिवशीसुद्धा सकाळी तिची रिंग आली आणि घरभर माणसं बसलेली असताना मी उठून जाऊन तिला परत रिंग दिली. नणंद अजून त्यावर बोलते.

आता दुखणं काय, तर काही महिन्यांपासून ही रिंग सहाच्या ठोक्याला यायला लागली होती. सेकंदकाटा बाराला चिकटला की टर्र. रमीला जन्मात कधी ठोक्याला आलेली नाही. ड्युटीवर उशिरा, जेवायला उशिरा, स्वतःच्या हळदीला उशिरा. तिची रिंग कधी पावणेसहाला यायची, कधी सातला, एकदा तर नऊ वाजता आली आणि दुपारी म्हणाली की देवपूजेत होते, जी ती करत नाही. ती बाई सहाच्या ठोक्याला रिंग देते, आणि रोज देते, यावर कुणी विश्वास ठेवावा?

आणि दुपारच्या गप्पा दिवाळीपासून बंद. मी फोन केला की तिची सून ज्योत्स्ना उचलायची. "आई आंघोळले गयी, मावशी." "आई आते झोपेल शे." "आई मंदिरमा गयी." रमीला आणि मंदिर. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गिरासेभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मला पाणी मागावं लागलं. म्हणाले, पूर्वी तुमच्या घरापासून इथपर्यंत तांब्याची तार होती, इथून पुढे अक्कलकुव्यापर्यंत तार होती. तिकडून करंट सोडला की तो इथवर येऊन तुमच्या घरातली घंटी हलवायचा. आता ती तार नाही. आता काचेच्या केसासारखा धागा आहे आणि त्यातून सगळं इंटरनेट जातं. बोलणं बारीक बारीक तुकडे करून सोडतात. कुठला तुकडा कुठल्या वाटेने जाईल नेम नाही. पलीकडे ते परत जोडून तुम्हाला ऐकवतात.

"आणि घंटी?"

"घंटी तुमना घरना डबाच वाजाडस. तिकडथून फक्त निरोप येस, का वाजाड."

"म्हणजे ती घंटी रमीला वाजवतच नाही?"

"रमीलाबाई का कोन, त्या डबाले काय माहीत? आते ते अ‍ॅपमा टाइम लाई दिधा का रोज आपोआप रिंग जास. दवाखानावाला, दुकानवाला बठ्ठा तेच करतस. मानूस लागत नही."

मानूस लागत नही. हे एवढं वाक्य घेऊन मी घरी आले.

खरं म्हणजे माझ्या संशयाला कुणी भाव द्यावा असं काही नाही. त्याची आजवरची कमाई शून्य आहे. शहाद्यात पहिल्यांदा डायलचे फोन येणार म्हणाले तेव्हा मी हॉलमध्ये उभी राहून भाषण दिलं होतं. नंबर फिरवून कुणाला कुणी भेटणार नाही, कापसाच्या व्यापाऱ्याचा फोन सुईणीकडे जाईल, गावात डोकी फुटतील, आणि चार महिन्यांत साहेब हात जोडून आम्हाला परत बोर्डावर बसवतील. साहेबांनी बोर्ड भंगारात दिला. पुढे चौकाचौकात पिवळे बूथ निघाले तेव्हा म्हटलं, रस्त्यात उभं राहून घरच्या गोष्टी कोण बोलणार? लोक रांगा लावून बोलले. मोबाईल आला तेव्हा म्हटलं, फोनला भिंत नको का, खिशात ठेवून काय चकाट्या पिटत फिरायचं? त्यावर काय बोलायचं. आता भाजीवालीसुद्धा फोन कमरेला खोचून माप घालते.

आणि ज्या पोरीने ही भाकितं केली तिचा तरी काय तोरा. डाव्या कानाला हेडफोन लागायचा म्हणून डाव्या कानात मी कुडी घालत नसे, फक्त उजव्या. बाजारात बायका विचारायच्या, एक हरवलं का गं? मी मान वर करून सांगायचे, "सरकारी कान आहे तो." घरी आम्ही सगळे अहिराणीत बोलणारे, पण बोर्डावर बसले की माझ्या गळ्यातून कुणी भलतीच बाई बोलायला लागायची. "कृपया प्रतीक्षा करावी, आपली मार्गिका व्यस्त आहे." ही मार्गिका कुठून आणली होती देव जाणे. तापीकाठच्या गावांतले केळीवाले भाऊ घाबरून फोन ठेवून द्यायचे. त्यांना वाटायचं चुकून कलेक्टरला लागला. रमीला शेजारून नुसतं म्हणायची, "भाऊ, लाईन बिझी शे. चहा पी ल्या, मंग लाई देस." आणि भाऊ खरंच चहा पिऊन परत यायचे.

मला वाटायचं, मी दोरी ओढली तर हे गाव मुकं होईल. गाव काही मुकं झालं नाही. माझी दोरीच गेली.

पण दिवस होते हो. कापसाच्या हंगामात बोर्डावरच्या झडपा अशा पडायच्या की पत्र्यावर चिंचोके ओतल्यासारखा आवाज. ज्याचा फोन, त्याच्या नंबरची छोटी पितळी झडप टप्प करून खाली यायची आणि आतला नंबर डोळा उघडल्यासारखा दिसायचा. सुरत, धुळे, इंदूर, सगळ्यांना एकाच वेळी भाव हवे. मिरच्या निघाल्या की नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या लाईनीवर शिंका. कारखान्याचा भोंगा झाला की पाळी बदलायची आणि आधीची पोर खुर्ची ऊबदार करून उठून जायची. पावसाळ्यात लाईनीतून पाणी बोलायचं, खरखर, मग दूर कुठेतरी भजन चालल्यासारखा सूर, मग अचानक स्वच्छ, इतका की पलीकडच्या माणसाच्या अंगणातला कोंबडा ऐकू यावा. गावात लाईट गेली, सगळं काळंठिक्कर झालं, तरी फोन चालू. ॲसिडच्या त्या आंबट बॅटऱ्या त्याला जागं ठेवायच्या. आताचा डबा लाईट गेली की माझ्याआधी झोपतो.

त्या दिवशी गिरासेभाऊंकडून परतल्यावर मला एक बाई सारखी आठवत राहिली. तोरणमाळकडून उतरलेली पावरा बाई, चांदीचा करदोडा, खांद्यावर घोंगडी. मुलगा ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला. त्याच्याशी बोलायचं म्हणून तिने पी.पी. कॉल लावला. पी.पी. म्हणजे नंबर नव्हे, माणूस. आम्ही पलीकडे फोन लावायचा, अमुक माणसाला बोलवा म्हणायचं, तो माणूस स्वतः रिसीव्हरशी आला की मगच जोडून द्यायचं. "तोच माणूस लाईनवर आहे का?" हे विचारण्याचे आम्हाला पगार मिळत. त्या मुलाला फडातून मुकादमाच्या ऑफिसात आणेपर्यंत दुपार कलली. बाई पायरीवर बसून होती. अखेर लाईन आली, मी तिला केबिनमध्ये उभं केलं, रिसीव्हर हातात दिला. तिने तिच्या पावरी बोलीत एकच प्रश्न विचारला. मला जेवढं कळलं तेवढं असं, आपल्या धाकट्या बैलाचं नाव काय. तिकडून उत्तर आलं. बाईने रिसीव्हर माझ्या हातात परत दिला, पैसे मोजले आणि निघाली.

मी तिला थांबवलं. "अहो बाई, तीन मिनिटं आहेत. बोला ना. मार्गिका मोकळी आहे."

ती माझ्याकडे बघून हसली आणि गेली. मी दिवसभर सगळ्यांना सांगत होते, बघा कसे अडाणी लोक, बैलाचं नाव विचारायला दिवस घालवला. एक कुडी घातलेली शहाणी मी.

सकाळी सहाला टर्र झालं. मी परत रिंग दिली नाही. सून वैशाली चहा गाळत होती.

"आई, आज तुम्ही मावशीले रिंग दिधी नही?"

"नही. मी खापर जाई ऱ्हायनू."

हे "ऱ्हायनू" मी मुद्दाम पुरुषी म्हणते, आमच्या वडिलांसारखं. त्याने माझा निश्चय पक्का झाला हे घरात कळतं.

"फोन करी ल्या ना सरळ."

"फोनवर कोण शे, तेच तर देखाले जाई ऱ्हायनू."

वैशालीने माझ्या पिशवीत पाण्याची बाटली टाकली. तिलाही तेच वाटत होतं जे मला वाटत होतं. रमीला गेली असेल, आणि मला धक्का बसू नये म्हणून तिच्या मुलाने मशीन लावून दिलं असेल. मुलगा सुरतला असतो, असल्या कामात हुशार आहे. किंवा ती सुरतच्या कुठल्या दवाखान्यात नळ्या लावून पडली असेल आणि इकडे डबा रोज सकाळी सांगत असेल, मी उठले, तू उठलीस का.

एसटीत खिडकीशी बसले. तळोद्यापर्यंत ऊस आणि केळी, दोन्हीकडे ओली हिरवी भिंत. पूर्वी या रस्त्याने आमच्या तारा माझ्यासोबत धावायच्या, खांबाशी वर चढायच्या, मध्ये लवायच्या, पुन्हा चढायच्या, आणि त्यांच्यावर कोतवाल पक्षी ओळीने बसलेले. मी कंडक्टरला ऐटीत सांगायचे, ती वरची लाईन ना, ती माझी. आता खांब आहेत, काही वाकलेले, तारा नाहीत. मध्येच शेतात मनोरा, लाल-पांढरा, कुणाशी काही न बोलता उभा. माझ्या समोरची मुलगी कानात बोंडं घालून एकटीच हसत होती. तिच्या हसण्याचे तुकडे कुठल्या वाटेने चालले होते कोण जाणे.

अक्कलकुवा आलं तसे सातपुड्याचे डोंगर जवळ सरकले. आणि हायवेवर गुजरातचे ट्रक. खापरला उतरले तेव्हा बाजाराचा दिवस होता. डोंगरातून आलेल्या बायका डिंक आणि महूची, म्हणजे मोहाची, फुलं मांडून बसल्या होत्या. महूचा तो गोड, जड वास डोक्यात गेला आणि माझे पाय उगाचच मंद झाले. रमीलाच्या दाराशी पोहोचायचं होतं आणि पोहोचायचं नव्हतं.

दार ज्योत्स्नाने उघडलं. मला बघून तिचा चेहरा असा झाला की मी उंबऱ्याशीच खाली बसले.

"कव्हय गयी?" मी विचारलं. कधी गेली.

"कोण?"

"तुन्ही सासू. आते लपाडू नको."

"काहीतरीच काय बोली ऱ्हायनात, मावशी. आई मागे शे. मिरच्या वाळाडी ऱ्हायनी."

मी उठले ते घरातून थेट परसात. तिथे खाटेवर, जमिनीवर, जुन्या साड्यांवर लाल मिरच्याच मिरच्या पसरलेल्या, डोळ्यांत जाळ. आणि त्या लालभडकात पाठमोरी रमीला. वेणी पांढरी झालेली, दोरीएवढी. देठं खुडत होती. जिवंत होती. माझ्या तोंडून आधी शिवी निघाली, मग हाक.

"अक्कलकुवा."

ती वळली नाही.

"अगं ए अक्कलकुवा, बहिरी व्हयनी का?"

देठ खुडलं, टोपलीत टाकलं. दुसरी मिरची घेतली. मला वाटलं, रागावली आहे. सकाळी रिंग परत दिली नाही म्हणून बसली फुगून. रमीलाचा राग म्हणजे असाच, पाठ दाखवणारा. मी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी ती अशी दचकली की टोपली उलटली.

मागून ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "मावशी, आईले ऐकू येत नही."

ज्या बाईने पावसाळ्यातल्या खरखरीतून माणसाचा श्वास ओळखला. जी नुसत्या खोकण्यावरून सांगायची की हा धुळ्याचा अमुक आडत्या, याला थांबव, हा तीन मिनिटांत आटपत नाही. एक्सचेंजमध्ये सगळ्यांत तिखट कान तिचे होते, माझे नव्हते. माझा होता तो फक्त सरकारी कान.

रमीलाने मला पाहिलं, मग सुनेला पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मग ती बोलली, आणि फार मोठ्याने बोलली, जसं ऐकू न येणारे बोलतात. शेजारच्या अंगणातल्या बाईने मान उंच केली.

"आधी डावा गया. मंग दिवाळीले उजवा बी गया. तू रिंग देस, मले काय कळस? मन्ही रिंग गयी का नही, ते बी कळत नही. म्हनीसन ज्योत्स्नाले सांगं, मशीनले लाई दे. सहा वाजाना टाइम मीच सांगा."

मी हाताने विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"काय सांगू? टेलिफोनवालीना कान गयात? लोके हासतीन. आनि बठ्ठासना पहिले तू हासशी."

हसलेच असते. खोटं कशाला बोलू. तीस-एक गावांत सांगून हसले असते, आणि मग रात्रभर रडले असते. पण हे ओरडून सांगता येईना. मी ओरडले, तर ती नुसतं माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि शेजारची बाई सगळं ऐकायला कुंपणाशी आली. दोघींच्या मध्ये मिरच्या, आणि वर्षानुवर्षं ज्यांनी इतरांचं बोलणं जोडलं त्या दोघी जणी अशा तोंड मिटून.

तेव्हा रमीलाने नाक चिमटीत धरलं.

माझं हसू फुटलं. नाक चिमटीत म्हणजे नंदुरबारचा मिरचीवाला लाईनवर आहे. ड्युटीवर कान आणि तोंड दोन्ही गिऱ्हाइकांना दिलेले असायचे, आपसात बोललं की सुपरवायझर ओरडायचे, म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. पोटावर हात फिरवला की सुपरवायझर आले. दोन बोटं टेबलावर चालवली की चहा आला. मूठ फिरवली की परत रिंग दे. करंगळी वर केली की लाईनवर नवं नवं प्रेम आहे, तीन मिनिटं झाली तरी तोडू नकोस. शहाद्यातली किती लग्नं त्या करंगळीवर जमली ते लग्नवाल्यांनाही ठाऊक नाही. हे सगळं मी विसरले होते असं मला वाटत होतं. हात विसरले नव्हते.

आम्ही मिरच्यांवरच बसलो. तिने पोटावर हात फिरवून ज्योत्स्नाकडे बोट केलं. मी दोन बोटं चालवली. ज्योत्स्ना दारात उभी राहून दोघींकडे बघत होती, वेडाची साथ आलीय की काय म्हणून.

"आई काय म्हनी ऱ्हायनी, मावशी?"

"म्हनस का, सुपरवायझर चांगली शे, पण चहा देत नही."

चहा आला. चहा पिताना मी रमीलाला एकदा खूण करून विचारलं, हे मशीन कधी थांबवणार. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने हातातलं देठ खुडून टोपलीत टाकलं. मग तिने खूण न करता तोंडानेच सांगितलं, या वेळी आवाज बारीक ठेवून. तिला कसा जमला कोण जाणे.

"मशीन बंद करं आनि मी एक दिन उठनी नही, ते तुले रिंग येनार नही, तू घाबरी जाशी. हाई मशीन ते मन्हा मागे बी देई रिंग. म्हनीसन ठेयेल शे. तुन्हा करता."

मी दोन्ही हात हलवून नको नको म्हटलं. तिच्या मागून येणारी रिंग मला नको होती. न आलेली रिंग चालेल, उशिरा आलेली चालेल, पण ती गेल्यावर सहाच्या ठोक्याला येणारी नको. हे सांगायला आमच्या हातांच्या बोलीत खूणच नव्हती. बोर्डावर असं कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. मी नुसता तिच्या घरातल्या फोनच्या डब्याकडे हात केला आणि मान हलवत राहिले, तिला पटेपर्यंत. ज्योत्स्नाने मोबाईल काढून ते सहा वाजताचं लावलेलं काढून टाकलं. दोघींच्या समोर काढलं, कारण मी तिच्या खांद्याशी उभी राहून बघत होते.

मग तीच म्हणाली, "मावशी, व्हिडिओवर बोला ना. हातवरी बोलतस ते दिसी बी."

मी म्हटलं, दिसेल ते खरं कशावरून? टीव्हीत सांगतात की आता माणसाचं तोंड बनवता येतं, आवाज बनवता येतो. ज्योत्स्ना म्हणाली, "आईनं तोंड कोन बनावी, मावशी?"

त्याला आता काही आठवडे झाले. वैशालीने मोबाईल स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय. रमीला तिकडे मोबाईल कसा धरते देव जाणे, कधी नुसतं कपाळ दिसतं, कधी पंखा, कधी मिरच्यांची टोपली. पहिल्या दिवशी तिने माझ्या नव्या कवळीवरून अशी एक खूण केली की मी वैशालीला खोलीबाहेर काढलं. तेव्हा मनात म्हटलं, हे कुठल्या मशीनला सुचायचं नाही. संशय गेला असं नाही. रोज सकाळी ती दिसली की मी आधी डोळे बारीक करून बघतेच. काल तिने काळी टिकली लावली होती. रमीला आणि काळी टिकली. मी तिला विचारलं, तर म्हणाली लाल संपली.

आज सकाळी ती काहीतरी मोठं सांगत होती. सून, पापड आणि शेजारीण इतपत मला लागलं होतं. दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे वटारलेले, आणि तशीच ती थांबली. हलेना. मीही हलले नाही. मोबाईलवर कोपऱ्यात एक चक्र गोल गोल फिरत होतं.

वैशाली डबे भरता भरता वाकून बघून गेली.

"आई, नेट गयं. ठेवी द्या आते."

"राहू दे."

"ती दिसस ते जुनं शे, आई. ती आते तठे नही."

"माहीत शे."

चहावर साय धरत चालली होती. मी हात पुढे नेऊन कपही उचलला नाही, कारण काय सांगावं, तिकडे अजून लाईन चालू असेल, मी तिला दिसत असेन, आणि तिची ती गोष्ट ती आत्ता रंगात येऊन मला सांगत असेल.